कळलं असतं तर थांबला असता

६ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि माझं उत्तर नाही, म्हणून तू नाक मुरडत असशील. मुरड. टपाल कचेरीच्या खिडकीत तीस वर्षं बसलेली बाई निवृत्त झाल्यावर स्वतःचीच पत्रं वेळेवर टाकत नाही, ह्याला काय म्हणावं! पण फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू बोलत नाहीस, तेव्हा पत्रच बरं.

उशिराला कारणही आहे. मला पुन्हा खिडकी मिळाली! आमच्या गावाबाहेरचा तुरुंग तुला आठवत असेल. त्याच्या फाटकासमोर एक संस्था दोन खोल्यांचं भेटघर चालवते. आतल्या माणसांना भेटायला लोक लांबून येतात, त्यांनी रस्त्यावर ताटकळू नये म्हणून. बाकडी आहेत, चहाची किटली आहे, मुलांसाठी खेळण्यांचा खोका आहे. जानेवारीपासून मी मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे टेबलाशी बसते. भेटीचे अर्ज तपासायचे, आत काय नेता येतं ते सांगायचं, रडणाऱ्याला पाणी द्यायचं. आम्हाला हिरवा एप्रन घालतात. त्यात मी कोबीसारखी दिसते.

संस्थेच्या बाईंनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या. माणूस कशासाठी आत आहे ते विचारायचं नाही, आणि इथलं बाहेर बोलायचं नाही. पहिली मी पाळते. दुसरी तुझ्यापुरती मोडते, तू काय परकी आहेस?

गेल्या शुक्रवारी एक आई आली होती. मुलगा तिसऱ्यांदा आत. ही लग्नाला निघाल्यासारखी नटलेली, आणि पिशवीत आठ शर्ट, कडक इस्त्रीचे, घडी जराही न मोडलेले. मी म्हटलं, बाई, दोनच नेता येतात. तर तिने त्यातले दोन निवडायला पाव तास लावला. मला हसू आलं आणि रागही आला. चहाच्या वेळी मी सगळ्यांना म्हटलंसुद्धा, की असल्या आयांनी वेळीच कान पिळला असता तर ही वेळ आली नसती. पोरं बिघडतात ती लाडानेच.

आपला ढब्बू बघ, बाप गेल्यावरही कसा सरळ राहिला. बोटीवरून त्याचं काही आलं का? त्याला म्हणावं, मावशीने टपालखात्यात जन्म घालवला आणि भाच्याचं एक कार्ड येत नाही, ह्यात तिची अब्रू जाते.

गुडघ्याला जप. इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहायचं काम सोड म्हणून किती वेळा सांगू? तू ऐकणार नाहीस, तरी लोभ कमी होणार नाही, हे लिहून ठेवते.

तुझी,
ताई


१८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कोबीचं वाचून हसले. तुला काम मिळालं हे बरं झालं, नाहीतर तू शेजाऱ्यांची पत्रं तपासत बसली असतीस.

गुडघा ठीक. इस्पितळाच्या धुलाईघरात आता नवी यंत्रं आली, चादरी त्यातूनच सुकून येतात. मला फक्त डॉक्टरांचे कोट आणि शर्ट. दिवसभर कॉलर दाबते. म्हणून तुझ्या त्या शर्टवाल्या बाईचं मला एवढं हसू नाही आलं. तिच्या हातात दुसरं काय उरलं असेल, असं वाटलं. आणि लाडाचं म्हणशील, तर नेहमी तेच कारण असेल असं नाही गं. तू पाहिलेली बाई मी पाहिली नाही, तेव्हा जास्त बोलत नाही.

ढब्बू बरा आहे. खाणं बरं मिळतं म्हणतो, थंडी फार आहे म्हणतो. कार्ड टाकायला सांगेन.

एक सहज विचारते. तू मंगळवार-शुक्रवार बसतेस, मग शनिवारी तिथे कोण असतं? म्हणजे तुला शनिवारी घरी आराम मिळतो ना, एवढंच.

आहे तशी माया राहू दे.

तुझी,
चिमणी


१२ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला. सर्दी झाली होती, आता बरी आहे. हवा ढगाळ आहे. घराचं छत गळत होतं ते दुरुस्त करून घेतलं. शनिवारी दुसरे लोक असतात.

विशेष काही लिहिण्यासारखं नाही. काळजी घे.

ताई


२० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार ओळींचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तू ढब्बूची चौकशी केली नाहीस. त्यावरून मला जे समजायचं ते समजलं. तरी खरं सांगते, त्याआधीच समजलं होतं.

सहा तारखेला, शनिवारी, मी तुमच्या भेटघरात होते. तुझे वार मंगळवार-शुक्रवार, तेव्हा तू नसशील असं धरून आले होते. टेबलाशी एक काका होते, नवीनच असावेत. आणि मागे चहाच्या कोपऱ्याला पडदा आहे ना, अर्धा, जमिनीपासून वीतभर वर? त्याखाली तुझे बूट दिसले. डाव्याचा तळ जाड. तसे बूट जगात आणखी कुणाचे असतील, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. मग तू तिथेच खोकलीस.

आता सगळं लिहिते. ढब्बू बोटीवर नाही. कधीच नव्हता. तो बेकरीची व्हॅन चालवायचा. दोन वर्षांपूर्वी, सकाळी पावणेसहाला, धुक्यात, वळणावर त्याच्या व्हॅनची रस्ता झाडणाऱ्या एका माणसाला धडक बसली. तो थांबला नाही. त्याला वाटलं ढकलगाडीला घासलं असेल. माणूस आहे हे त्याला कळलंच नाही गं. तो माणूस संध्याकाळी इस्पितळात दगावला. माझ्याच इस्पितळात. डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं, अर्ध्या तासात आणलं असतं तर वाचला असता. सहा वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारीत त्याला दुसरीकडून हलवलं, आणि नेमकं तुझ्या गावी. मी तुला कळवणारच होते. कागद घेऊन बसलेही होते. मग तुझं सहा मार्चचं पत्र आलं.

कोर्टाच्या वऱ्हांड्यात मी त्या माणसाच्या बायकोला गाठलं होतं. तिला म्हटलं, माझा मुलगा तसा नाही, कळलं असतं तर तो थांबला असता. तिने माझा हात हातात घेतला. त्यावरच मी दोन वर्षं काढली.

त्या शनिवारी काकांनी अर्ज पाहून ठीक आहे म्हटलं. फाटकावर परत पाठवलं. मागच्या बाजूला अधिकाऱ्याची सही राहिली होती. मी काकुळतीला आले, पण शिपाई म्हणाला नियम आहे, एकदा परत पाठवलं की त्या दिवशी भेट नाही. चार तास बसने आले होते, चार तास परत गेले.

आणि ताई, सगळ्यात लाज वाटते ती ह्याची, की पडद्याखाली बूट पाहिले तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. तू बाहेर आली असतीस तर मला तुझ्याकडे बघावं लागलं असतं.

तू रागावली असशील तर रागाव. पण पत्र पाठव.

चिमणी


२५ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ. असं लिहिताना हात थांबला. आशीर्वाद द्यायची माझी लायकी उरली आहे का, असं वाटलं. तरी देते.

तुझं पत्र वाचलं. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे, पण तुला जे दिसलं ते निम्मंच होतं. बाकीचं मी सांगते.

त्या शनिवारी नेहमी टेबलाशी बसणाऱ्या बाई आजारी होत्या, म्हणून मला बोलावलं. तू दारातून आत आलीस तेव्हा मी खेळण्यांचा खोका लावत होते. तुला पाहिलं. पहिल्यांदा आनंदच झाला, वेड्यासारखा! वाटलं, मला भेटायला आलीस. मग तुझ्या हातातला अर्ज दिसला. त्या एका क्षणात मला सगळं कळलं, बोट, थंडी, शनिवार. आणि मी काय केलं? किटली पाहते असं काकांना म्हणून पडद्यामागे गेले.

मी तुला घाबरले नाही. मी चहाच्या टेबलाला घाबरले. जिथे बसून मी आयांच्या लाडांवर व्याख्यानं दिली होती, त्या टेबलाला. दुसऱ्याच्या लेकरांवरून नाकाने कांदे सोलत होते, आणि आता ह्या लोकांना कळणार की हिचाच भाचा आत आहे. एवढंच. ह्यापेक्षा मोठं काही कारण नाही. असतं तर बरं झालं असतं.

आता त्याहून वाईट. तू काकांसमोर उभी होतीस तेव्हा अर्जाची मागची बाजू माझ्याकडे होती. पडद्याच्या फटीतून दिसत होती. सहीची जागा कोरी होती, चिमणे. तीस वर्षं फॉर्म तपासलेत मी, मला ते दहा हातांवरून दिसतं. नुसतं बाहेर येऊन बोट ठेवायचं होतं. आमच्याकडे त्यासाठी अधिकारी बसतात, पाच मिनिटांत सही मिळते. मी आले नाही. तू फाटकाकडे गेलीस आणि मी उभी राहिले, तू परत येणार हे माहीत असून. वीस मिनिटांनी आलीस. कपाटातून पिशवी काढलीस. काकांना धन्यवादसुद्धा म्हणालीस.

तू गेल्यावर संस्थेच्या बाईंनी मला विचारलं, ती बाई ओळखीची होती का, तुमचा चेहरा का असा झालाय. मी नाही म्हटलं. तू रस्त्यापर्यंतही पोचली नव्हतीस.

काल त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं, बाहेर तुला लिहीत होते तेही. मला वाटलं झाडतील. झाडलं असतं तर हलकं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, नात्याचं माणूस आत असलं की टेबलाशी बसता येत नाही, हे तुम्ही सहा तारखेलाच सांगायला हवं होतं. एप्रन घेतला, घडी करून खणात ठेवला. आणि मग येणाऱ्या लोकांना देतात तसा मला चहा दिला, बसा म्हणाल्या. नंतर कळलं, त्यांचा नवरा अकरा वर्षं आत होता.

भेटीच्या यादीत माझं नाव घालायला ढब्बूला मी पत्र टाकलं आहे. तो नको म्हणाला तर ते रास्तच होईल. तू माफ कर असं म्हणत नाही. पण माझ्याकडे यायचं असेल तेव्हा ये, चोरून येऊ नकोस. बसमधून उतरलीस की घर सहा मिनिटांवर आहे.

तुझी,
ताई


२ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू येऊन गेलीस त्याला तीन आठवडे झाले. त्या दिवशी मी धड बोललो नाही. तू निघालीस तेव्हा उठून उभासुद्धा राहिलो नाही, ह्याची लाज वाटते. आता लिहितो.

तू मला पडद्याचं सांगितलंस. सांगायला नको होतंस असं तेव्हा वाटलं. सहा एप्रिलला मी इथे, भेटीला आम्हाला घालायला लावतात ती पिवळी बंडी घालून, तासभर टेबलाशी बसलो होतो. समोरची खुर्ची रिकामी. मी समजलो, आई कंटाळली. आणि खरं सांगू, मला ते योग्य वाटलं. पुढच्या भेटीत आई म्हणाली बस चुकली. तू आलीस तेव्हा खरं कळलं. तू कारण देत नव्हतीस. मी पाहिलं आणि लपले, असं सरळ म्हणालीस. माझ्याशी असं सरळ दोन वर्षांत कुणी बोललं नव्हतं, आणि मीही कुणाशी नाही.

मावशी, मी व्हॅनमधून उतरलो होतो.

कोर्टात मी सांगितलं की ढकलगाडी वाटली. वकील म्हणाले तसंच सांग. आईनेही तेच धरून ठेवलं. पण मी उतरलो होतो. ते गटाराच्या कडेला पडले होते. शुद्धीवर होते. त्यांनी एक हात वर केला. मला उठव म्हणून, की थांब म्हणून, की नुसताच, ते मला अजून समजत नाही. मी किती वेळ उभा होतो तेही सांगता येणार नाही. मग परत बसलो आणि गेलो. पाव पोचवले. बारा दुकानं. दुसऱ्या दिवशी आईने इस्त्री केलेला शर्ट घालून कामावर गेलो. तिसऱ्या दिवशी पोलीस आले.

इथली पत्रं उघडून वाचतात. वाचू देत.

पंधरा तारखेला आई येणार आहे. मी तिला स्वतः सांगणार आहे. तोवर तू सांगू नकोस, आणि नंतर ती तुझ्याकडे आली तर तिला घरात घे. तुझ्याकडे एवढंच मागतो. माझ्यावर पूर्वीसारखा लोभ ठेव असं लिहायची हिंमत नाही.

तुझा,
ढब्बू


१७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा तुझ्याकडून निघताना एक शब्द बोलले नाही. तू बसपर्यंत आलीस, खिडकीशी उभी राहिलीस, तरी नाही. आज कामावर गेले, चाळीस कोट दाबले, आता लिहायला बसले आहे.

त्याने सांगितलं. बसल्या बसल्या सांगितलं, पाणीसुद्धा न पिता, जणू थांबला तर पुन्हा जमणार नाही. मी ऐकलं. तासातला अर्धा तास अजून उरला होता. मी जागची उठले नाही. त्याचा हात टेबलावर होता, तो मी धरला नाही. घंटा झाली तेव्हा तो म्हणाला, आई, पुढच्या वेळी नाही आलीस तरी चालेल. ताई, तो माझं लेकरू आहे आणि मी त्याचा हात धरला नाही.

येईन मी. कालच अर्ज भरला, दोन्ही बाजू. पण तो हात धरायला जमेल की नाही ते माहीत नाही.

मला तो शर्ट आठवतो. निळ्या रेघांचा. त्या सकाळी मी म्हटलं होतं, डोळे सुजलेत तुझे, झोप झाली नाही का. आणि कॉलर नीट केली होती. तू सांग, आईला कळत नाही म्हणजे काय? मला कळलं असणार. मी कळून घेतलं नाही. डोळे झाकायला मला पडदाही लागला नाही.

पण मी हे लिहितेय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ती बाई. त्या झाडूवाल्याची बायको. तिला मी शपथेवर सांगितलं होतं, त्याला कळलं नाही. तिने माझा हात धरला होता, ताई. मी तिच्याकडून खोट्यावर हात धरून घेतला. तेव्हा मला खोटं आहे हे माहीत नव्हतं, खरं. पण आता माहीत आहे, आणि आता गप्प बसले तर ते खोटं माझं होईल. तिला वाटत असेल तिचा नवरा कुणालाही न दिसता पडला होता. तो एकाला दिसला होता.

तिच्या दारात अशी कशी जाऊ? जखमेवर पुन्हा जाऊन उभं राहायचं? आणि हे बाहेर आलं तर ढब्बूची शिक्षा वाढेल का, तेही माहीत नाही. तो म्हणतो वाढू दे. तुझ्या संस्थेच्या बाईंना विचारशील का, असल्या वेळी माणसं काय करतात? त्यांना माहीत असेल. नाहीतर मी दुसऱ्या कुणाला विचारू?

तू त्या दिवशी काहीच विचारलं नाहीस, नुसतं गरम पाणी पायांशी आणून ठेवलंस. ते लक्षात आहे.

तुझी,
चिमणी


९ जुलै

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

बाईंशी बोलले. आता सविस्तर लिहिते, नीट बसून वाच.

त्या म्हणाल्या, परस्पर जायचं नाही. तिला नको असेल तर तिला नाही म्हणता आलं पाहिजे, आणि दारात उभ्या असलेल्या बाईला नाही म्हणणं अवघड असतं. मला हे सुचलंच नसतं. अशा कामासाठी त्यांच्या संस्थेतले दोघं जण आहेत, दोन्ही बाजूंच्या लोकांकडे जातात, सांगतात, वाट पाहतात. कधी वर्ष जातं, कधी नाहीच होत. ढब्बूने वकिलांशी बोलून मग स्वतःच्या हाताने जबाब लिहून द्यायचा, तेही ठरलं. शिक्षेचं काय होईल ते त्यांनी गोड करून सांगितलं नाही. वाढू शकते म्हणाल्या. ढब्बूने काल सही केली.

ते दोघं गेल्या आठवड्यात तिच्याकडे जाऊन, ढब्बूने सांगितलेलं सगळं तिला सांगून आले. निरोप मी बाईंच्या तोंडून ऐकला आणि विसरू नये म्हणून तिथेच पाकिटाच्या मागे लिहून घेतला. तसाच देते.

ती म्हणाली, कोर्टाच्या वऱ्हांड्यात त्या बाईचं बोलणं मला खरं वाटलं नव्हतं. व्हॅन थांबल्याच्या खुणा रस्त्यावर होत्या, मी स्वतः जाऊन पाहिल्या होत्या. पण त्या बाईला ते खरं वाटत होतं, आणि तेवढ्यावरच ती उभी होती, हे दिसत होतं. म्हणून हात धरला. नाहीतर ती पडली असती.

चिमणे, मी बाहेर येऊन भेटघराच्या बाकड्यावर बसले ते बराच वेळ उठले नाही. ज्या बाईचा नवरा गेला तिने आपल्याला सावरलं, तेही खोटं आहे हे माहीत असून. आणि मी सख्ख्या बहिणीच्या अर्जावर बोट ठेवायला आले नाही.

ती भेटायला तयार आहे. घरी नको म्हणाली, संस्थेच्या खोलीत. ढब्बूला इतक्यात भेटणार नाही, पुढचं पुढे. तिला फक्त एक जाणून घ्यायचं आहे, तिच्या नवऱ्याने हात वर केला तेव्हा तो काही बोलला का. ते ढब्बूलाच माहीत. तेव्हा शनिवारी आधी तू त्याला भेट आणि विचार. तो सांगेल ते जसंच्या तसं घेऊन ये, त्यात आपल्या मनाचं काही घालू नकोस. दुपारी तीनला ती येणार आहे.

तिच्यासमोर बोलायचं ते तू बोल. मी शेजारी बसेन. मला निम्मं ऐकू येणार नाही, पण मी उठून जाणार नाही.

शुक्रवारीच निघून ये. मी बसथांब्यावर असेन.

तुझी,
ताई